टर्नर साहेबांची भावकी

रविवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास इंदापूर तालुक्यातल्या खोरवाडीत, कालव्याच्या फाट्याच्या तोंडाशी, ॲलन टर्नर या इंग्रज पाहुण्याला गुलाबी फेटा बांधण्यात आला. पाहुणा उंच असल्यामुळे फेटा बांधणाऱ्याला खुर्चीवर उभं राहावं लागलं. मागच्या फलकावर 'टर्नर साहेबांचे पणतू आपल्या भूमीत' असं छापलेलं होतं. मांडव भरलेला होता.

टर्नर हे कोणाचेही पणतू म्हणून आलेले नव्हते. ते भिगवणला रोहित पक्षी बघायला आले होते. हे मांडवात दोघांना नक्की माहीत होतं. एक स्वतः टर्नर. दुसऱ्या प्रा. डॉ. ज्योत्स्ना मिसाळ, बारामतीच्या एका महाविद्यालयातल्या इतिहास विभागप्रमुख. ट्रॉलीच्या व्यासपीठावर त्या पाहुण्याच्या शेजारी बसल्या होत्या आणि निमंत्रणपत्रिकेवर प्रास्ताविकासाठी त्यांचंच नाव होतं. दोघांनीही ही गोष्ट आदल्या दिवसापासून भेटेल त्याला सांगितली होती.

मिसाळ मूळच्या खोरवाडीच्याच, बौद्ध वस्तीतल्या. महिनाअखेरीला त्या निवृत्त होणार होत्या. अठ्ठावीस वर्षं त्यांनी 'वसाहतवाद आणि साम्राज्य' हा एकच पेपर शिकवला. अठ्ठावीस वर्षं उत्तरपत्रिकांची पहिली ओळ एकच होती: इंग्रजांनी भारतात रेल्वे, टपाल आणि शिस्त आणली. मिसाळ समासात लाल शाईने लिहीत, 'कोणासाठी?' एका वर्षी फेरतपासणीला आलेल्या विद्यार्थ्याने त्याखाली पेन्सिलीने उत्तर लिहिलं होतं: 'प्रवाशांसाठी.'

वर्गातली मुलं दरवर्षी विचारत, हे पोलीस भरतीला येतं का. येत नाही म्हटल्यावर निम्मी मुलं वही मिटत. विभागाची खोली गेल्या वर्षी स्पर्धा परीक्षा केंद्राला गेली आणि इतिहासाची कपाटं जिन्याखाली आली. महाविद्यालयाने साम्राज्यवादावर राष्ट्रीय चर्चासत्र घेतलं तेव्हा सकाळ पाहुण्यांच्या सत्कारात गेली, आणि मिसाळांना जेवणाची वेळ झाली आहे, थोडक्यात आटपा, असं सांगण्यात आलं. त्यांनी थोडक्यात आटपलं. त्यांचा विषय होता दुष्काळी कामांवरची उपासमार.

संशोधन त्यांनी सुट्ट्यांत केलं. १८७६-७७ च्या दुष्काळात सरकारने लोकांना खडी फोडायला, माती खणायला लावलं. खोरवाडीचा फाटा त्याच कामातला. त्यावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव टर्नर, हे गावाला ठाऊक नव्हतं. मिसाळांनी दप्तरातून ते काढलं आणि एका लेखात छापलं. त्याच लेखात पुढे होतं की मजुरी कमी करण्याचा हुकूम आल्यावर टर्नरने तो त्याच दिवशी लागू केला, उपाशी माणसं खाली बसली तर त्यांची हजेरी कापली, आणि मेलेल्यांची नावं न लिहिता फक्त आकडा कळवला. ती माणसं कुठे पुरली हे कागदात नव्हतं. ते बौद्ध वस्तीतल्या म्हाताऱ्या बाया सांगत. फाट्याच्या तोंडापासून चिंचेपर्यंतची जी उंच जागा आहे, तिथे नांगर घालायचा नाही, असं त्यांना त्यांच्या सासवांनी सांगितलेलं. मिसाळांनी या बायांची बोलणी रेकॉर्ड केली. कागद जिथे गप्प आहे तिथे माणसांच्या आठवणीला पुरावा मानावं लागतं, हे त्यांच्या प्रबंधाचं मुख्य म्हणणं.

त्या जागेवर एक दगड बसावा यासाठी त्या आठ वर्षं ग्रामपंचायतीच्या मागे होत्या. सरपंच बदलले, ग्रामसेवक बदलले. शेवटी गेल्या पावसाळ्यात ठराव झाला. डिसेंबरात चौथरा बांधून झाला. बारामतीच्या एका कारागिराकडे काळा ग्रॅनाइट आला. मजकूर मिसाळांनी दिला होता, दोनच वाक्यं: '१८७७ च्या दुष्काळात हा फाटा खोदताना मेलेली माणसं इथे आहेत. त्यांची नावं कोणी लिहून ठेवली नाहीत.' निवृत्तीच्या आधी तो दगड उभा राहिलेला बघायचा, एवढंच त्यांनी मनाशी धरलं होतं.

मग शुक्रवारी ॲलन टर्नर आले.

त्यांना होडीतून पक्षी दाखवणारा समाधान हा डाळजचा. भिगवणला हायवेवरच्या हॉटेलात त्याने पाहुण्याला मासे खायला नेलं. शेजारच्या टेबलावर खोरवाडीचा सरपंच दिग्विजय जेवत होता. त्याने पाहुण्याचं नाव विचारलं. समाधानने सांगितलं. दिग्विजय ताटावरून उठला, हात धुतला आणि पाहुण्याबरोबर फोटो काढला. संध्याकाळपर्यंत तो फोटो तालुकाभर फिरला.

हा दिग्विजय मिसाळांचा विद्यार्थी. त्यांच्या पेपरात त्याला प्रथम वर्ग होता. संपत्तीच्या लुटीवर त्याने लिहिलेलं उत्तर त्यांनी पुढच्या तुकडीला वाचून दाखवलं होतं. शनिवारी सकाळी त्याचा फोन आला, उद्याच्या प्रास्ताविकासाठी. मिसाळांनी आधी त्याला पूर्ण बोलू दिलं. मग शांतपणे विचारलं, हे नातं कशावरून काढलं.

"मॅडम, आडनाव एक म्हंजे भावकी. हितलं लहान पोरगंबी सांगंल."

मिसाळांनी समजावलं की हे आडनाव धंद्यावरून पडलेलं आहे, इंग्लंडात ते गल्लोगल्ली सापडतं. बारामतीच्या एमआयडीसीत लेथवर काम करणारे शेकडो टर्नर आहेत, ते सगळे भावकीतले का?

"त्यांचा ट्रेड हाय मॅडम, ह्यांचं आडनाव हाय. आन् सुतारांचं घ्या की. त्यांची भावकी नसती व्हय?"

"दिग्विजय, तो टर्नर बिनलग्नाचा मेला. पुण्यात तापाने. त्याला मूलच नव्हतं, तर पणतू कुठून येईल?"

मिसाळांना वाटलं, पटलं.

"मग भावाचा नातू आसंल," दिग्विजय म्हणाला. "फलकावर पणतू छापून गेलंय. बोलताना वंशज म्हणू."

फोन ठेवता ठेवता त्याने सांगितलं की चौथरा तयार आहेच, तर त्यावर टर्नर साहेबांचा अर्धपुतळा बसवायचं ठरतंय. पाणीवापर संस्थेच्या अप्पांची तशी इच्छा आहे. मॅडमचा दगडही बसेल, चौथऱ्याच्या बाजूला, खालच्या अंगाला. मिसाळांनी त्याला त्याच्याच उत्तरपत्रिकेची आठवण करून दिली. ते परीक्षेपुरतं होतं, असं तो मोकळेपणाने म्हणाला. त्याच्या आवाजात जराही लबाडी नव्हती, आणि मिसाळांना त्याचाच जास्त संताप आला.

दुपारी त्या भिगवणला गेल्या. टर्नर लॉजच्या गच्चीवर दुर्बीण पुसत बसले होते. त्यांचे वडील लेस्टरला बस चालवत. आजोबा जोडे शिवायच्या कारखान्यात होते. त्याच्या मागचं कोणालाच माहीत नाही. घराण्यातलं कोणी भारतात आल्याचं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं, आणि हे आपण प्रत्येकाला सांगत आहोत, पण सांगितलं की लोक आपला हात आणखी घट्ट धरतात, अशी त्यांची तक्रार होती. कार्यक्रमाला येऊ नका, असं मिसाळांनी सुचवलं. त्यांना ते उद्धटपणाचं वाटलं. मी येतो आणि माइकवरून स्वतः सांगतो, म्हणाले.

समाधान जिन्यात उभा होता. मिसाळांनी त्याला धरलं. साहेब स्वतः नाही म्हणतोय, ते तू गावाला का सांगितलं नाहीस?

"सांगितलं की मॅडम. त्यो न्हाय म्हणतोय म्हणून तर समद्यांची खात्री झाली. खोटा आसता तर लगेच व्हय म्हणला आसता."

मिसाळांनी आयुष्यात शेकडो सत्कार पाहिले होते. प्रत्येक सत्कारमूर्ती उठून आधी हेच म्हणतो, की आपण एवढे मोठे नाही. त्यावर टाळ्या पडतात आणि शाल अंगावर येते. नकार हा सत्काराचाच भाग असतो.

तर रविवारी फेटा बांधून झाला, शाल झाली, नारळ झाला, आणि मिसाळ प्रास्ताविकाला उठल्या. कागद घेतला नाही. त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं की पाहुणे सज्जन आहेत, पण फाट्याच्या टर्नरशी त्यांचं नातं असल्याचा कुठलाही पुरावा नाही. मग त्या टर्नरने काय केलं ते सांगितलं: मजुरीची कपात, हजेरी, आकडा. समोरची उंच जागा दाखवून तिथे कोण आहे तेही सांगितलं. पुतळा बसवायचाच असेल तर कोणाचा बसवतो आहोत हे माहीत असू द्या, असं म्हणून त्या थांबल्या. मग अप्पांनी टाळी वाजवली आणि सगळ्यांनी वाजवली.

अप्पा हे पाणीवापर संस्थेचे अध्यक्ष, ऐंशीच्या पुढचे. ते माइकपाशी आले. ज्योत्स्नाताईंनी साहेबांच्या घराण्याचा सगळा इतिहास काढला, एवढा अभ्यास गावात कोणाचा नाही, असं त्यांनी कौतुकाने सांगितलं. मग म्हणाले, "साहेब कडक होता म्हणत्यात. आसंल. कडक होता म्हणून फाटा झाला. आमच्या पणज्याच्या लहानपणी ह्या माळावर कुसळ उगवत न्हवतं. आज ऊस हाय. मी आंधळा न्हाय ताई, माणसं मेली हे मलाबी कळतं. पर पाण्याला न्हाय कसं म्हणू?"

मिसाळांना हे बोलणं नवं नव्हतं, आणि त्यात खोटं काही नाही हेही त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या पुस्तकात त्यावर एक पूर्ण प्रकरण आहे: खणणारे आणि भिजणारे वेगळे का निघाले. बौद्ध वस्तीतल्या एकाही घराला त्या फाट्याचं पाणी दोन पिढ्या मिळालं नव्हतं. ते प्रकरण अप्पांनी वाचलं नव्हतं. गावात कोणीच वाचलं नव्हतं.

आता टर्नर उठले. त्यांना काय चाललं आहे ते मिसाळांनी कानाशी वाकून सांगितलं होतं. चेहरा उतरलेला होता. ते थोडंच बोलले आणि मिसाळांनी वाक्यागणिक मराठी केलं. मी तुमच्या साहेबांचा कोणीही नाही. पण इथे माणसं उपाशी मेली हे मला आज कळलं, आणि हा फेटा बांधून इथे उभं राहायची मला लाज वाटते. माझ्या देशाने जे केलं त्याबद्दल मी क्षमा मागतो. एवढं बोलून त्यांनी फेटा काढून खुर्चीवर ठेवला आणि चिंचेच्या दिशेने मान खाली घालून उभे राहिले.

मिसाळांनी वाक्यं जशीच्या तशी दिली होती. पहिलं वाक्य तर दोनदा दिलं. पण मांडवात पोचलं ते शेवटचं.

"माफी मागतोय," कोणीतरी म्हणालं. "पणजोबाच्या वतीनं."

मागच्या बाजूला बौद्ध वस्तीतल्या बाया बसल्या होत्या. त्यांतून कुशाबाई उठल्या, गावातच दिलेल्या मिसाळांच्या आत्या. याच आत्यांची मुलाखत प्रबंधात सगळ्यात मोठी आहे. काठी टेकत त्या ट्रॉलीपाशी आल्या. टर्नरांनी खाली उतरून त्यांचे दोन्ही हात धरले. कुशाबाईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं, डोक्यावरून हात फिरवला आणि परत जागेवर जाऊन बसल्या. याचाही फोटो निघाला.

सोमवारी एका स्थानिक दैनिकात पहिल्या पानावर मथळा होता, 'टर्नर घराण्याची दीडशे वर्षांनी माफी'. मिसाळांनी कचेरीत फोन केला. उपसंपादक त्यांचाच विद्यार्थी निघाला. खुलासा छापतो म्हणाला, पण बातमी चांगली आहे मॅडम, कशाला? मिसाळांनी त्याला विचारलं की माझ्या वर्गात तू कुठे बसत होतास. तो म्हणाला, मागे.

खुलासा आला नाही. लोक मात्र येऊ लागले. इंदापूरहून, दौंडहून गाड्या आल्या, कोणी मोबाइलवर व्हिडिओ करायला आले. त्यांना पुतळ्यात रस नव्हता, माफी कुठे मागितली ते बघायचं होतं. दिग्विजयने वारं ओळखलं. पुतळ्याचा विषय त्याने मागे घेतला आणि मिसाळांना आनंदाची बातमी म्हणून फोनवर सांगितली. चौथऱ्यावर आता त्यांचाच दगड बसणार, वर, मधोमध. फक्त दुसरं वाक्य बदलायचं. 'टर्नर साहेबांच्या वंशजाने येथे माफी मागितली.' आणि खाली, संशोधन: डॉ. ज्योत्स्ना मिसाळ.

मिसाळ त्याच दुपारी खोरवाडीला गेल्या. वाक्य बदलायची ही सूचना मुळात दिग्विजयची नव्हती, कुशाबाईंची होती. त्या ओट्यावर ऊन घेत बसल्या होत्या.

"आत्या, तो त्यांचा कोणी नाही. मी त्याच्या तोंडून ऐकलंय."

"मी त्याचं तोंड बगितलंय."

"खोटं आहे ते. दगडावर खोटं कोरायचं?"

कुशाबाईंनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "आमची माणसं हितं पुरलीत, हे कुटल्या कागदात हाय?"

"नाही."

"मग तू का मानलंस?"

"तू सांगितलंस म्हणून."

"मग आत्ताबी मीच सांगतीया." त्या पुढे म्हणाल्या, "दीडशे वर्सांत एक माणूस हितं वाकला. त्यो परका म्हणालीस, तर कुणीच वाकलं न्हाय. तसं लिवायचं का दगडावर?"

मिसाळांनी सांगून पाहिलं की आठवण वेगळी आणि इच्छा वेगळी. सासूने सांगितलेलं सून सांगते, तिला ते तिसरीकडून ताडून बघता येतं. चार घरांतल्या बाया एकमेकींना न विचारता तीच जागा दाखवतात, म्हणून तो पुरावा. हे त्यांनी वर्गात कितीतरी वेळा नीट मांडलं होतं. ओट्यावर त्यांना स्वतःलाच ते लांबलचक वाटलं. आत्यांनी ऐकून घेतलं आणि चहा घेणार का विचारलं. चहा झाला. दुसरं कोणी असतं तर मिसाळ भांडल्या असत्या. परतताना निमगाव केतकीपर्यंत त्यांनी गाडीत रेडिओही लावला नाही.

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत विषय आला. अप्पांनी पुतळ्याचा आग्रह सोडला नव्हता. बौद्ध वस्तीला माफीचं वाक्य हवं होतं, आणि यावेळी, आठ वर्षांत पहिल्यांदा, बाकीचं अर्धं गावही त्यांच्या बाजूने होतं. मिसाळांच्या दोन वाक्यांच्या बाजूने मिसाळ होत्या. त्यांना सभेत मत नव्हतं, मतदार यादीतलं नाव बारामतीला आहे. त्यांनी एवढंच सांगितलं की मजकूर बदलला तर खाली आपलं नाव घालू नये. ते नसलं तर दगडाला वजन राहणार नाही, असं दिग्विजयचं म्हणणं पडलं. वाद वाढला, माणसं उठून गेली, आणि पुरेशी उपस्थिती नाही म्हणून सभा तहकूब झाली.

एकतीस तारखेला महाविद्यालयात मिसाळांचा निरोप समारंभ झाला. प्राचार्यांनी भाषणात त्यांचा उल्लेख 'ज्यांच्या संशोधनामुळे इंग्रजांना माफी मागावी लागली' असा केला. मिसाळ उत्तरादाखल बोलायला उठल्या आणि म्हणाल्या की हे खरं नाही, माझ्यामुळे कोणी माफी मागितलेली नाही. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला.

मंगळवारी कारागिराचा फोन आला. पहिलं वाक्य कोरून झालं आहे, त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. दुसऱ्यासाठी त्याच्याकडे दोन मजकूर आहेत, एक मॅडमचा, एक सरपंचांचा, आणि दोघंही आपलाच शेवटचा म्हणतात. मी येईपर्यंत छिन्नी लावू नका, असं मिसाळांनी सांगितलं. दिग्विजयनेही त्याला तेच सांगितलं होतं.

बुधवारी सकाळी दहाला मिसाळ कारागिराच्या कारखान्यापाशी पोचल्या. दिग्विजयची गाडी बाहेर उभी होती. मागच्या सीटवर कुशाबाई बसल्या होत्या, दार उघडं होतं. मिसाळ आत न जाता आधी त्यांच्याशेजारी जाऊन बसल्या. दुपारी एकपर्यंत दोघी गाडीतच बोलत होत्या. दिग्विजय दोनदा चहा घेऊन गेला आणि दोनदा त्याला परत पाठवण्यात आलं. दगडावरची दुसरी ओळ तोवर कोरलेली नव्हती.